काठापासून चार बोटं

पाणी पहिलं. लालभडक.

"कोकमाचं सार झालं की गं," अक्का म्हणाली. "वाटीत काढ, पिते."

मी हसले नाही. परसातल्या धुण्याच्या दगडाशी इनॅमलचं पांढरं घमेलं होतं, त्यात सुती दोऱ्याची लाल लडी. चार ठिकाणी सैल गाठी बांधलेली, गुंता होऊ नये म्हणून. मी ती बुडवली आणि घमेल्याचा तळ दिसेनासा झाला.

अक्का माझी मोठी जाऊ. सातवा महिना. भिंतीला पाठ लावून, पाटावर पाय पसरून बसली होती. तिच्या पोटातल्या या मुलासाठी मी क्रोशाचं दुपटं विणणार होते, आणि त्या घरात त्या वर्षी या मुलाशिवाय दुसरा विषय नव्हता. हे तिसरं. पहिलं माहेरी जन्मलं ते रडलंच नाही. दुसरं पाचव्या महिन्यात गेलं.

"अक्का, पिवळा घेऊ या का? पिवळा असा जात नाही."

"लालच."

"पण..."

"लालच म्हणते ना. पांढऱ्यावर लाल काठ. भिऊन पिवळं घातलं तर पोराला कळतंय, आपली आई भ्यालीय."

तिला भ्यायचं नव्हतं. मी भ्याले होते. कारण दुसऱ्या वेळचा लाल रंग माझा होता.

मी तेव्हा या घरात नवी. विट्याला, यंत्रमागांच्या गल्लीत. अक्काची चोरओटी होती, घरातल्याच पाच-सहा बायका. ओटीवर झाकायला मी क्रोशाचा रुमाल विणला होता, लाल-पांढरा. माहेरी मला सगळे क्रोशावाली म्हणायचे. सासरी काहीतरी दाखवायची हौस. ओटीतला नारळ धुतलेला होता, ओलाच होता. अक्काच्या मोतिया रंगाच्या रेशमी साडीवर, बरोबर मांडीवर, लाल उतरलं. आणि मी, एकोणीस वर्षांची, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अगं बाई, रक्तासारखं दिसतंय."

एका बाईनं ओटीतले तांदूळ सारखे केले.

एकोणिसाव्या दिवशी अक्काला दवाखान्यात नेलं.

आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, भांडल्या नाहीत. महिना सव्वा महिना बोलल्याच नाहीत माझ्याशी. मग एके दिवशी ताक घुसळता घुसळता म्हणाल्या, "तुझं तोंड चांगलं न्हाई, मालन. हितनं पुढं ह्या घरात कुणी बाळंत हुईल तवा त्या खोलीत त्यो शब्द काढायचा न्हाई. कळलं?"

कळलं.


पाणी दुसरं. मिठाचं. जवळजवळ स्वच्छ.

(खोटं.)

सगळ्या गल्लीनं सांगितलं होतं, मूठभर मीठ घाल, रंग बसतो. घातलं. दिवसभर ठेवलं. पाणी नुसतं गुलाबीसर. मी अक्काला हाक मारून दाखवलं. मग साध्या पाण्यात लडी खळबळली आणि परत घमेल्याचा तळ गेला.


पाणी तिसरं. व्हिनेगरचं. वास तेवढा राहिला.

"आता लिंबू पीळ," अक्का म्हणाली, "साखर घाल."

"अक्का, चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?" तिनं पोटावर हात ठेवला. "हा बघ, लाथ मारतोय. ह्याला पण लालच पाहिजे."


दस्तगीरचाचा आमच्या मागांचं सूत रंगवून द्यायचे. कोपरापर्यंत हात निळे. माझी लडी त्यांनी नाकाशी नेली, ओल्या अंगठ्यानं चोळली, आणि विचारलं, "काय काय केलंस?"

"मीठ घातलं. मग व्हिनेगर."

"मीठ!" ते हसले. "पोरी, मीठ आम्ही रंग चढवताना घालतो. मिठाच्या पाण्यात रंग दोऱ्याला चिकटून गप बसतो. तुला वाटलं, पक्का झाला. साधं पाणी दिलंस, उठला. आणि व्हिनेगर लोकरीला. सुताला त्याचं काय?"

"मग काय घालू म्हणजे धरून राहील?"

"धरून ठेवायचंच नाही. जो आत बसलाय तो तू आपटलंस तरी जाणार नाही. जो बसलाच नाही, नुसता अंगावर पडून आहे, त्याला घालवायचं. उकळतं पाणी, साबणाचा चुरा, लाकडाचा दांडा. पाणी बदलत राहा. आणि हे सगळं विणायच्या आधी. एकदा पांढऱ्याशेजारी बसवलंस की मग काय, गेलं."

"किती वेळा बदलू?"

"पाणी सांगेल ना. मला काय विचारतेस?"


चौथं. लाल.

पाचवं. लाल.

सहावं. कुंकवाचं बोट बुडवल्यासारखं.

सातव्याच्या वेळी चूल विझली, गार पाण्यात केलं, स्वच्छ आलं. मी फसले नाही. परत उकळलं. आठवं. गुलाबी.

नववं.

दहावं. घमेल्याच्या कडेला, बघितलं तर.

अकरावं. तळावरचा टवका उडालेला काळा डाग स्पष्ट दिसला. अक्का पाटावरून वाकून बघत होती. "अकरा," ती म्हणाली. "मी मोजली हां. पोराला सांगणार, तुझ्या काकूनं अकरा पाणी केली."

माझं समाधान झालं नव्हतं. लाल-पांढऱ्याचा एक तळहाताएवढा चौकोन विणला. ओला करून पांढऱ्या कापडात गुंडाळला, वर जात्याची तळी ठेवली, एक दिवस. कापड पांढरं. ओल्यावर इस्त्री फिरवली. कापड पांढरं. मग मनात आलं, बाळ काय करतं? चोखतं. मी चौकोनाचा लाल कोपरा तोंडात धरला आणि चार भाकरी भाजून होईपर्यंत चघळला.

"काय चघळतीस गं?" आत्तींनी विचारलं.

"लवंग."

नंतर परसात जाऊन पांढऱ्या चिंधीवर थुंकले. अक्कानं चिंधी उजेडात धरली.

"पास," ती म्हणाली.

म्हणजे मला माहीत होतं. पाण्यानं, उष्णतेनं, दाबानं, लाळेनं, कशानंही तो रंग जाणार नाही, हे मला जगात सगळ्यांत जास्त माहीत होतं. हे आधी सांगून ठेवते.


तीन आठवडे आधीच कळा आल्या. जीप सांगायला थोरले भाऊजी गेले ते परत येईपर्यंत सुईणीनं मुलगी हातात घेतली होती. रडली. फार जोरात रडली. आत्ती भिंतीला धरून खाली बसल्या. दवाखान्यात जायचं राहिलं ते राहिलंच. आता कशाला, म्हणाल्या, सव्वा महिना हिला उंबऱ्याबाहेर काढायची नाही.

बाराव्या दिवसापर्यंत जुनी धोतरं, जुनी लुगडी. आमच्यात नवं कापड बारशालाच घालतात. बारशाला माझं दुपटं निघालं. मधे पांढरे चौकोन, भोवती बोटभर लाल काठ. नाव केतकी ठेवलं. आत्तींनी दुपटं उलटं-सुलटं करून बघितलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "बघू कधी जातोय."


मंगळवार. सकाळ.

केतकी पाच आठवड्यांची. बाळंतिणीची खोली आमच्याकडे अंधारीच ठेवतात, खिडकीला गोधडी लावलेली, शेगडीवर ओव्या-शेपांची धुरी. बाळाला न्हाऊ घालायला हौसाबाई यायच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर पालथी पडून मोठी झालेली. न्हाऊ झालं, केतकीला दुपट्यात गुंडाळलं, अक्कानं पाजायला घेतलं. थोड्या वेळानं हौसाबाई वाकल्या.

"नाकाला काय लागलं गं हिच्या? लाल." त्यांनी पदराचं टोक फिरवलं. "आणि हितं बघ. दुपट्यावर."

रुपयाएवढा डाग.

"गेला," आत्ती म्हणाल्या. रागानं नाही. जणू पाहुणा यायचाच होता, आला. "गेला का न्हाई शेवटी?"

"काठ चोखती ती," हौसाबाई म्हणाल्या. "लाळंनं गेला असंल. सुताचं असंच असतंय बाई, माझ्या सुनंचं झंपर..."

मी दारात उभी होते.

"जाऊ दे हो आत्ती," अक्का म्हणाली. तिनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. ती माझी बाजू घेत होती. "रंगच तर हाय. माझी पोरगी दूध पितीया, मला काय करायचंय? मालन, धुऊन टाक जा. तोंड पाडू नको."

मी दुपटं घेतलं.


मंगळवार. दुपार.

दुपारी मी दुपटं धुतलं.


बुधवार.

सकाळी केतकी छातीला लागेना. रडत होती, पण तिचं ते नेहमीचं रडणं नव्हतं. बारीक, उंच, एका सुरात. मग तेही थांबलं.

"झोपू दे," आत्ती म्हणाल्या. "दृष्ट झाली असंल कुणाची." मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

हौसाबाई आल्या. पायांवर घेतलं, तेल लावायला डोक्यावर हात ठेवला, आणि हात तसाच राहिला.

"आत्ती, टाळू वर आलीया."

"म्हंजे?"

"खाली असती. मऊ असती. ही वर आलीया, टणक." त्यांनी केतकीला उलटं केलं. पाठीवर, जिथं रोज त्यांची बोटं फिरायची तिथं, जांभळ्या बोटांच्या खुणा. "मी दाबलं न्हाई. आईशप्पत मी काल हळूच..."

केतकीच्या नाकातून एक लाल रेघ आली आणि हौसाबाईंच्या पांढऱ्या पंच्यावर पडली.

"रंग," आत्ती म्हणाल्या.

त्यांनी पदरानं ती रेघ पुसली.

"कालचाच ऱ्हायला असंल, नाकात."

दुपटं परसात दोरीवर वाळत होतं. दारातून दिसत होतं.

मी म्हणाले, "आत्ती, रंग नाही. रक्त आहे."

त्यांचा हात उठला. मारायला नाही, तोंड बंद करायला, माझं की स्वतःचं कुणास ठाऊक. "गप."

"रक्त आहे."

अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग उठली, पाच आठवड्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून परसात गेली, दोरीवरचं दुपटं ओढलं, आणि त्यात मुलीला गुंडाळून थेट रस्त्यावर उभी राहिली, अनवाणी, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच. थोरल्यांनी जीप आणली. सांगलीपर्यंत तिनं मुलीला छातीशी धरून ठेवलं. मी शेजारी बसून पोरीच्या नाकाखाली बोट धरून होते. श्वास लागतोय का. लागत होता. मग नाही. मग लागत होता.


घरात सांगतात ती गोष्ट इथं संपते. लग्नात, बारशात, कुणाच्या डोहाळजेवणात, कुणीतरी केतकीला पुढं ओढतं आणि म्हणतं, ही वाचली ती मालनकाकूमुळं. सगळे रंग-रंग म्हणत बसले होते. हिनं ओळखलं. क्रोशावाली ना! हिला दोऱ्यातलं कळतं. आत्ती तर जाईपर्यंत म्हणायच्या, मी हिला तोंड चांगलं न्हाई म्हणाले हुते, त्याच तोंडानं माझी नात ठिवली.

मी पाणी आणायला आत जाते.


बुधवार. दवाखाना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. इंजेक्शन आधीच दिलं होतं, रक्त चढवायला घेतलं होतं, मुलगी काचेपलीकडे होती. पुरुष रक्ताच्या बाटल्यांसाठी धावत होते. टेबलापाशी आम्ही तिघी. आत्ती, अक्का, मी. मधे टेबलावर ते दुपटं, कारण नर्सनं मुलीला घेताना ते काढून माझ्या हातात दिलं होतं आणि माझ्या हातात ते राहीना.

"जन्म कुठे झाला?"

"घरी," आत्ती म्हणाल्या.

"जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन देतात. घरी जन्मलेल्यांचं राहून जातं. मग काही बाळांचं रक्त गोठत नाही. डोक्यात रक्तस्राव झालाय." त्या लिहीत होत्या, वर बघत नव्हत्या. "पहिल्यांदा रक्त कधी दिसलं?"

"हिनं ओळखलं," आत्तींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा. "सांग गं."

"आज सकाळी," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं.

"काल काहीच नाही? नीट आठवा. अशी बाळं बहुतेक वेळा आदल्या दिवशी थोडंसं दाखवतात. नाकातून, हिरडीतून, बेंबीतून. थेंब-दोन थेंब. त्या वेळी आणलं तर एका इंजेक्शनवर भागतं, डोक्यापर्यंत जात नाही."

"न्हाई न्हाई," आत्ती म्हणाल्या. अगदी निर्मळपणे म्हणाल्या. "काल काय न्हवतं. काल नुसता दुपट्याचा रंग गेला हुता."

पेन थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी दुपट्याकडे बघितलं. ट्रेमधून कापसाचा बोळा घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला. लाल काठ एका हाताच्या चिमटीत धरला आणि दुसऱ्या हातानं घासला. चांगला जोर लावून. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग बोळा उलटा करून बघितला.

पांढरा.

त्यांनी तो टेबलावर ठेवला. आत्ती त्याच्याकडे बघत होत्या, त्यांना त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला. ‘आज सकाळी’ खोडलं, वर ‘काल’ लिहिलं, उठल्या आणि काचेपलीकडे गेल्या.

अक्का बोळ्याकडे बघत होती.


मंगळवार. दुपार.

दुपारी मी दुपटं धुतलं. त्याआधी हे झालं.

परसात ऊन होतं. खोलीतल्या अंधारात जो डाग लाल होता तो उन्हात लाल नव्हता. कडेनं तपकिरी झाला होता. रंग वाळला तर फिका होतो, तपकिरी होत नाही.

मी बोटं ठेवून मोजलं. डाग काठापासून चार बोटं आत होता. मधे चार बोटं पांढरं स्वच्छ. काठाचा रंग गेला असता तर काठाशेजारच्या ओळीत आधी गेला असता, विणीच्या खांबाखांबातून सरकत आला असता. तो मधली चार बोटं उडी मारून चौकोनाच्या पोटात कसा पडेल?

तरी मी रुमाल ओला केला आणि काठ घासला. रुमाल पांढरा. डाग घासला. रुमालावर आलं.

मी डागाचा कोपरा जिभेला लावला. पहिल्यासारखाच, चघळून बघावा तसा. दोऱ्याला चव नसते, मी चार भाकरी होईपर्यंत चघळला होता. याला होती. खिळा तोंडात धरल्यावर येते ती.

मी उठले. खोलीच्या दारापर्यंत गेले. हे मला पावलागणिक आठवतं: तुळशीचा कट्टा, मोरी, पाट, दार. आत अक्का डिंकाचा लाडू खात होती. हौसाबाईंच्या सुनेच्या झंपराची गोष्ट आत्ती त्यांच्यासारखा आवाज काढून सांगत होत्या. अक्का हसत होती, लाडवाचा चुरा तिच्या हनुवटीवर होता. त्या खोलीत दोन वर्षांत मी हसणं ऐकलं नव्हतं. केतकी तिच्या मांडीवर झोपलेली, गोरी, एक मूठ कानाशी.

आत्तींनी मान वळवली. हसू अजून तोंडावर होतं.

"काय गं, निघाला का?"

माझ्या तोंडात ती चव होती. तो शब्द होता. तो काढला असता तर त्या खोलीतलं हसू त्या क्षणी थांबलं असतं, आणि जर मी चुकले असते, जर उद्या काहीच झालं नसतं, तर मी दुसऱ्यांदा तो शब्द काढलेली बाई. आणि जर चुकले नसते, तरी मीच काढलेला. दोन्हीकडून मीच.

रंग गेला म्हटलं तर मी नुसती कच्चा दोरा घेणारी बाई होते.

"निघाला," मी म्हणाले. "रंगच होता."

आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. मी परत परसात गेले, गार पाण्यात डाग भिजवला, चोळला. पाणी एकदाच बदलावं लागलं. दुपटं दोरीवर घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून चिमटे लावले.


दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकावर अक्का आणि मी. आत्ती नळावर तोंड धुवायला गेल्या होत्या.

"काल दुपारी तू म्हणालीस, रंगच होता," अक्का म्हणाली.

"हो."

"अकरा पाणी केली होतीस."

"हो."

"चोखून बघितला होतास. चिंधी मी बघितली."

"हो."

"तुला माहीत होतं."

हा प्रश्न नव्हता. पण मी उत्तर दिलं. "हो."

तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि परत बांधलं. घट्ट. मला वाटलं ती मारेल. मला वाटलं, मारावं. समोरून एक बाई बादली घेऊन फरशी पुसत आली, आम्ही दोघींनी पाय वर घेतले, ती पुढं गेली, आम्ही पाय खाली ठेवले.

"घरी कुणाला सांगायचं न्हाई," अक्का म्हणाली.

"अक्का, मी सांगते. मी आत्तींना आत्ताच..."

"सांगशील आणि सुटशील. ते तुला माहेरी धाडतील, तू रडत बसशील, झालं तुझं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. "डॉक्टरीण म्हणाली, वाचली तर डावी बाजू लुळी राहील. हिला उचलायला, भरवायला, फिरवायला कोणतरी लागंल. मला एकटीला व्हायचं न्हाई. तू करायचंस."

"करीन."

"सगळं."

"सगळं करीन."

"तुला मूल झालं तर तुझं लक्ष तिकडं जाईल."

मी तिच्याकडे बघितलं. ती काचेकडे बघत होती.

"मी काय म्हणत न्हाई," अक्का म्हणाली. "बघ तुझं तू."

आत्ती पदरानं तोंड पुसत आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या, संध्याकाळपर्यंत.


केतकी वाचली. डावा हात वाळला, डावा पाय ओढते. आमचे हे दोन-तीनदा म्हणाले, आता आपलं एक. मी दर वेळी केतकीचं काहीतरी काढलं. तिची मालीश, तिची शाळा, तिचं ऑपरेशन. नंतर म्हणायचे थांबले.

बत्तीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिला पुण्यात नोकरी लागली. कॉम्प्युटरचं काम, एका हातानं करते, दोन हातांच्या लोकांपेक्षा लवकर करते. निघायच्या सकाळी ती आरशासमोर उभी होती आणि मी रोजच्यासारखी तिच्या डाव्या बाहीचं बटण लावायला गेले.

"काकू, अगं सोड," ती हसत म्हणाली. "तुझं लग्न काकांशी झालंय का माझ्याशी? तिकडं कोण येणार आहे लावायला? मला येतं. हे बघ." तिनं बटण दातांत धरलं, उजव्या हातानं बाही ओढली, आणि ते काजात सरकवलं. एका दमात. कधी शिकली कोण जाणे. मग दाखवून झाल्यावर परत काढलं, पुन्हा लावून दाखवायला.

मी हात मागं घेतला. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. बरं वाटलं म्हणावं तर तसं नाही. मी दाराकडे वळले.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. साठी ओलांडलेली. हातात केतकीचा डबा.

"लावू दे तिला," अक्का म्हणाली.

"आई, अगं पण मला येतं आता."

"माहीत हाय तुला येतं. लावू दे तिला."

केतकीनं खांदे उडवले आणि हात पुढं केला. मी परत आले. बटण लावलं.